वाघिणीच्या अंगावरचे नाव



ज्या शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला नववीत इतिहास शिकविला. त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून पूर्वी पानिपतावर, मोडी दप्तरांवर, शिंदे-होळकरांच्या पत्रव्यवहारावर विद्वानांनी व्याख्याने दिली आहेत. अशा ठिकाणी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने खेळण्यातल्या मालगाडीविषयी बोलावे, हे कित्येकांना पोरकटपणाचे वाटेल. वाटो. या विषयाचा पहिला धडा मी याच शाळेत, त्याच सरांच्या टेबलासमोर गिरविला आहे, आणि त्या धड्याचे एक देणे माझ्याकडे अर्धशतकाच्या घरात थकलेले आहे. ते फेडावे म्हणून मी हा विषय निवडला.

प्रारंभ शब्दापासून करतो. मराठीच्या मास्तराची ती खोड असते. इंग्रजी वॅगनचे मराठीने 'वाघीण' केले. ध्वनी परका घेतला आणि त्यात ओळखीचे जनावर बसविले. यार्डात रात्री एकमेकींवर आदळून डरकाळी फोडणाऱ्या त्या लोखंडी पेट्यांना याहून समर्पक नाव विद्वानांच्या कोणत्याही परिभाषा-समितीला सुचले नसते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हिंदी मुलखात राहिलो, घरातले कितीतरी मराठी शब्द झिजले. पण आमचे आजोबा ग्वाल्हेरच्या स्टेशनावर मालगाडी लागली की बोट धरून वाघिणीच मोजायला लावीत. शेजारची मुले 'डिब्बे' मोजीत. आकडा सारखाच येई, परंतु आमच्या मोजण्यात थोडे भय असे.

१९६४ साली जयविलास राजवाड्याचा काही भाग वस्तुसंग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला झाला. त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या वर्गाला तिथे नेण्याचे ठरले. सहलीच्या आदल्या दिवशी सर वर्गात आले ते हातरुमालात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन. पंज्याएवढी, गडद निळ्या रंगाची, पत्र्याची मालडब्याची प्रतिकृती. अंगावर सोनेरी अक्षरे : 'कार्स बिस्किट्स'. एका कोपऱ्यात रंग उडून पत्रा दिसत होता, आणि दाराजवळ कुणा मुलाने टोकदार वस्तूने ओढलेली आडवी रेघ होती. सरांचे मामा मुंबईस रेल्वेच्या नोकरीत होते; १९४७ च्या सुमारास विलायतेस परतणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या विक्रीत त्यांनी ती घेतली होती. सरांनी ती टेबलावर ठेवली आणि विचारले, "हे नाव कुणाचं? गाडीच्या मालकाचं, की मालाच्या मालकाचं?"

आम्ही अर्थातच गप्प. त्या वयात आम्ही पाहिलेल्या वाघिणींवर रेल्वेची आद्याक्षरे असत, बिस्किटवाल्याचे नाव कधीच नसे. बिस्किटाचे नाव असायचे ते डब्यावर. जे. बी. मंघाराम यांचा बिस्किटांचा कारखाना आमच्याच गावात. सिंधमधल्या सक्करचे हे घराणे फाळणीनंतर ग्वाल्हेरात स्थिरावले. त्यांच्या पत्र्याच्या डब्यांवर देवादिकांची सुरेख चित्रे छापलेली असत, आणि बिस्किटे संपली तरी ते डबे घरोघरी वर्षानुवर्षे नांदत. सरांची निळी वाघीण पाहून मी आणि माझ्या धाकट्या भावाने त्याच रात्री असला एक डबा कात्रीने कापून वाघीण करायला घेतली. चाकांना दोऱ्याची रिकामी रिळे. गाडी बरी झाली. परंतु कापताना कृष्णाच्या मुरलीचे दोन तुकडे झाले आणि आजीने आम्हां दोघांना देवासमोर उभे करून नाक घासायला लावले. बिस्किटवाल्याची जाहिरात कापल्याबद्दल शिक्षा झालेली मुले जगात फार नसतील.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. मला त्याचे पुरते उत्तर मिळायला तीस वर्षे लागली.

ती वाघीण लिव्हरपूलची. फ्रँक हॉर्नबी (१८६३-१९३६) या गृहस्थांनी १९०१ साली छिद्रे पाडलेल्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. तेच पुढे 'मेकॅनो' म्हणून जगभर गेले. १९१४ पासून त्यांचा कारखाना लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर होता. पहिल्या महायुद्धापूर्वी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या व्यापारावर जर्मनीचे, मुख्यतः न्यूरेंबर्गच्या बिंग आणि गोपिंगेनच्या मेर्क्लिन या कारखान्यांचे वर्चस्व होते. युद्धाने ते मोडले, आणि १९२० साली हॉर्नबींनी किल्लीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. या गाड्या 'ओ' गेजच्या, म्हणजे रुळांतील अंतर सव्वा इंच. आरंभी मालडब्यांवर रेल्वे कंपन्यांचीच आद्याक्षरे असत. मग त्या दशकाच्या पूर्वार्धातच रंगीबेरंगी व्यापारी वाघिणी येऊ लागल्या : निळ्या रंगावर कार्स बिस्किटे, तांबड्यावर क्रॉफर्ड्स बिस्किटे, त्यांच्या जोडीला जेकब्स, कोलमन्सची मोहरी, सेकोटीन नावाचा डिंक; आणि पेट्रोल-तेलाच्या टाक्या, शेल, प्रॅट्स, नॅशनल बेंझोल अशा नावांच्या. पुढे १९३० च्या दशकात कॅडबरीचे चॉकलेट, फाइफ्सची केळी आणि पॅलेथॉर्प्सचे सॉसेज आले. यांतल्या क्रॉफर्ड्सचा बिस्किटांचा कारखाना तर बिन्स रोडवरच, हॉर्नबींच्या शेजारी. भट्टीचा वास ज्यांच्या खिडकीतून आत येत असेल, अशा कारागिरांनी शेजाऱ्याच्या नावाची गाडी रंगविली, हा तपशील मला फार आवडतो.

हे नाव आले कुठून? कारण खऱ्या रुळांवर ते होते. ब्रिटनमध्ये रेल्वे कंपन्या खाजगी होत्याच, पण वाघिणीही मोठ्या प्रमाणावर रेल्वेच्या नसत. कोळशाची खाण, कोळशाचा घाऊक व्यापारी, मिठाचा कारखानदार, तेलाची कंपनी यांच्या स्वतःच्या वाघिणी असत. रेल्वे त्या केवळ ओढून नेई. रिकामी वाघीण चुकून दुसऱ्या गावी अडकू नये म्हणून मालकाचे नाव बाजूला हातभर अक्षरांत लिहीत आणि ती कोठे परत पाठवायची तेही खाली बारीक अक्षरांत लिहीत. म्हणजे मुळात ही जाहिरात नव्हती. तो पत्ता होता. पण हातभर अक्षरांत लिहिलेला पत्ता शंभर स्टेशनांवरून फिरला की त्याची जाहिरात आपोआप होते. लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या रंगांच्या त्या कोळशाच्या रांगा ही ब्रिटनच्या औद्योगिक जीवनाची एक चालती खातेवही होती.

ती वही एकाएकी मिटली. १९३९ साली युद्ध सुरू होताच सरकारने खाजगी वाघिणी ताब्यात घेऊन एकाच साठ्यात मिसळल्या. कुणाचीही वाघीण कुठेही जाऊ लागली. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा पाच लाखांहून अधिक खाजगी वाघिणी सरकारच्या झाल्या. नावे पुसट होत गेली, फळ्या बदलल्या, करडा रंग चढला. टाक्या आणि काही खास वाघिणी तेवढ्या मालकांकडे राहिल्या.

परंतु येथे एक सावधगिरी हवी, आणि संग्राहक ती नेहमी बाळगत नाहीत. खेळण्यावर जे लिहिले आहे ते सारे खऱ्या रुळांवर तसेच धावत होते, असे मुळीच नाही. पॅलेथॉर्प्सच्या नावाच्या वाघिणी खरोखरच प्रवासी गाड्यांना जोडून सॉसेज पोहोचवीत. केळ्यांच्या वाघिणी मात्र बहुतांशी रेल्वेच्याच. फाइफ्सचा माल त्यांतून जाई. बिस्किटांच्या ज्या देखण्या वाघिणी हॉर्नबींनी विकल्या, त्या बऱ्याच अंशी कल्पनेच्या. म्हणजे सरांच्या प्रश्नाला तिसरेच उत्तर निघते. 'कार्स' हे नाव गाडीच्या मालकाचे नाही, आणि मालाच्या मालकाचे म्हणावे तर आत मालही नाही. ते नाव एका मुलाच्या डोळ्यांसाठी आहे. कार्लाइल गावी १८३१ साली जोनाथन डॉजसन कार यांनी सुरू केलेला हा बिस्किटांचा धंदा शंभर वर्षांनी दिवाणखान्यातल्या सतरंजीवर, बापाने मोजलेल्या पैशाने, पोराच्या हातून फिरू लागला. जाहिरात विकत घेणारे गिऱ्हाईक याआधी फारसे झाले नसावे.

अमेरिकेत याच प्रश्नावर सरकारी आयोग बसला, हे ऐकून आपणांस मौज वाटेल. तिकडे लोणी, मांस, चीज, बिअर नेणाऱ्या बर्फाच्या वाघिणी खाजगी कंपन्यांच्या असत आणि त्या व्यापाऱ्यांना भाड्याने मिळत. रेल्वे दर मैलामागे वाघिणीच्या मालकास भत्ता देई. त्या जोरावर मालक व्यापाऱ्याला स्वस्तात वाघीण देई आणि वर तिची संपूर्ण बाजू त्याच्या जाहिरातीसाठी रंगवून देई. पिवळ्याधमक भिंतीसारख्या त्या वाघिणी गावोगाव फिरत. अडचण परतीच्या वाटेवर. एका लोणीवाल्याच्या नावाच्या वाघिणीत दुसरा लोणीवाला आपला माल कसा भरील? शिवाय, फुकटची जाहिरात म्हणजे एका गिऱ्हाइकाला आडवाटेने दिलेली सूटच नव्हे काय, असा आक्षेप निघाला. आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९३४ साली तो मान्य केला आणि अशा वाघिणींना १९३७ च्या आरंभापर्यंतची मुदत देऊन ती रंगीत भिंत पुसून टाकली. खऱ्या रुळांवरून जे उतरले ते खेळण्याच्या रुळांवर मात्र राहिले. आजही तिकडचे संग्राहक याच पुसलेल्या वाघिणींच्या प्रतिकृतींमागे अधिक धावतात. आणि तिकडच्या सर्वांत प्रसिद्ध खेळणे-कंपनीची, लायोनेलची, जन्मकथा तर अशी सांगतात की जोशुआ लायोनेल कोहेन यांनी १९०१ च्या सुमारास केलेली पहिली विजेची गाडी खेळणे नव्हतीच. दुकानाच्या खिडकीत माल फिरवून दाखविण्यासाठी केलेली ती एक उघडी वाघीण होती. गिऱ्हाइके मालाऐवजी वाघीणच मागू लागली.

सहलीच्या दिवशी आम्ही जयविलासात जी आगगाडी पाहिली तिचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. महाराज माधवराव शिंदे यांची चांदीची गाडी. मेजवानीच्या लांब टेबलावर रूळ, त्यावर चांदीचे इंजिन आणि मागे सात वाघिणी. जेवणानंतर पाहुण्यांपुढे मद्याच्या काचेच्या सुरया आणि चिरूट नेण्यासाठी. सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते. प्रत्येक वाघिणीवर रोमन लिपीतले एकेक अक्षर, आणि सातही अक्षरे मिळून 'सिंदिया'. मुले सुरयांकडे बघत होती. सर अक्षरांकडे बघत होते. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "कालचं उत्तर इथं सोपं आहे. गाडी त्यांची, माल त्यांचा, आणि वाचणारे पाहुणेही त्यांचेच."

त्या महाराजांना आगगाडीचा केवळ छंद नव्हता. दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांच्या काळात भिंड, शिवपुरी, श्योपूरपर्यंत गेली आणि दुष्काळी मुलखात धान्य पोहोचविण्याचे साधन झाली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली, तीत जी.आय.पी. रेल्वे, निजामाची रेल्वे आणि शिंद्यांची रेल्वे विलीन झाल्या. वाघिणींवरची जुनी आद्याक्षरे इथेही रंगाखाली गेली. श्योपूरची छोटी गाडीही २०२० मध्ये थांबली. टेबलावरच्या सात अक्षरांना मात्र कुणी हात लावला नाही. इतिहासात मोठ्या वस्तू आधी जातात आणि खेळणी मागे राहतात, हे आमच्या गावाइतके स्पष्ट मला लिव्हरपुलातही दिसले नाही. तिथला बिन्स रोडचा कारखाना १९७९ साली बंद झाला.

माझ्याकडे आज एकतीस वाघिणी आहेत. मुलगी इंग्लंडात शिकायला गेल्यापासून तिकडच्या फेऱ्या झाल्या, त्यांत त्या जमल्या. संग्राहकांच्या जगाची माहिती देत बसत नाही. ते जग सगळीकडे सारखेच, थोडे प्रेमळ आणि बरेचसे भांडखोर. वाघीण ओळखण्याच्या खुणा मात्र सांगण्यासारख्या आहेत, कारण त्या कागदपत्र पारखण्याच्या खुणांहून वेगळ्या नाहीत. पत्र्यावर आधी एनॅमलचा रंग दिलेला असे, त्यावर ट्रान्सफरच्या कागदावरून अक्षरे उतरविलेली, आणि वर वार्निश. वार्निश काळाने पिवळे पडते, म्हणून जुन्या वाघिणीवरचे पांढरे अक्षर कधीच पांढरे नसते. चाके पुढे जस्ताच्या मिश्रधातूची ओतू लागले. त्या धातूत शिशाचा अंश जास्त झाला असेल तर वर्षांनी चाकाला आपोआप तडे जाऊन त्याचा भुगा होतो. तेव्हा अंग जुने आणि चाके ठणठणीत दिसली तर चाके बदलली आहेत का हे आधी पाहावे. जोडणीच्या कड्यांचे रूप दर काही वर्षांनी बदलले, त्यावरून काळ ठरतो. आणि नावे : सेकोटीन हा बेलफास्टचा डिंक आज फारसे कोणी मागत नाही, त्याच्या नावाची निळी वाघीण मात्र जपून ठेवणारे लोक आहेत. राजवाड्यांनी १८९८ पासून खंडामागून खंड छापून जी दप्तरे वाचविली ती वाण्याच्या पुड्यांसाठी जायची होती, याची मला अशा वेळी हटकून आठवण होते.

सर्वांत दुर्मिळ ती कोलमन्सच्या मोहरीची. १९२३-२४ च्या सुमारास ती अल्पकाळ विकली गेली आणि बंद झाली, त्यामुळे तिची किंमत सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेर. १९९८ साली उत्तर इंग्लंडातल्या एका खेळण्यांच्या बाजारात ती मला अनपेक्षितपणे परवडेल अशा भावात दिसली. परवडेल म्हणजे तेव्हाचा दोन महिन्यांचा पगार. विक्रेता वयस्क, बोलणे गोड. घेतली. घरी येऊन भिंगाखाली धरली, तेव्हा एके ठिकाणी रंगाचा टवका उडालेला दिसला, आणि अक्षराची कड त्या टवक्यातून, उघड्या पत्र्यावरून, तशीच अखंड पुढे गेलेली. जखम आधीची आणि नाव नंतरचे. कुणीतरी दुसऱ्याच वाघिणीचे नाव खरवडून हे नाव चढविले होते. बनावट सनदेत जुन्या कागदाच्या घडीवरून शाई पसरते, तोच प्रकार.

मी तो विक्रेता पुन्हा शोधला नाही, आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकारही मला नव्हता.

१९७६ साली सर निवृत्त झाले. मी तेव्हा नुकताच महाविद्यालयात लागलो होतो. त्यांनी मला घरी बोलावून ती निळी वाघीण हातात दिली. "तुला हिचा प्रश्न आठवतो ना?" एवढेच विचारले. मला गहिवरून आले, आणि गहिवरलेला माणूस फार मूर्खपणा करतो. ही वस्तू सरांना शोभेल अशी करून दसऱ्याला पुन्हा त्यांना दाखवावी, असे मी मनात घेतले. बाड्याजवळ दुकानांच्या पाट्या रंगविणारा एक उत्तम पेंटर होता. त्याने पॉलिश-कागदाने जुना रंग खरवडला, मुलाने ओढलेली ती रेघ घासून सपाट केली, नवे निळे एनॅमल दिले आणि सोनेरी रंगात अक्षरे काढली. हात इतका सुरेख की अक्षरे मुळापेक्षा देखणी झाली. पाट्यांच्या सवयीने त्याने त्यांना बारीकशी सावलीही दिली, जी मुळात नव्हती.

दसऱ्याला सोने देऊन मी वाघीण सरांपुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, उलटी केली, चाक फिरवून पाहिले. काकूंनी चहा आणला तो निवत राहिला. मग ते म्हणाले, "छान रंगवलंय रे. पण तू हिची जबानी पुसलीस." रागाचा लवलेश नव्हता. वाघीण त्यांनी परत माझ्याच हातात दिली आणि विषय बदलून माझ्या प्रबंधाची चौकशी केली. त्यानंतर अकरा वर्षे ते होते. मी अनेकदा गेलो, वाघिणीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही, आणि मला काढण्याचे धैर्य झाले नाही.

ती वाघीण आज मी सोबत आणली आहे. बाकीच्या तीस मुलीकडे जातील, ही शाळेची. मुख्याध्यापकांनी वाचनालयातल्या काचेच्या कपाटात तिला जागा देण्याचे मान्य केले आहे. तिच्यासोबत ठेवण्यासाठी मी एक चिठ्ठी लिहिली आहे, ती वाचून दाखवितो. "हॉर्नबी मालिका, लिव्हरपूल. 'ओ' गेज. मुंबईत १९४७ च्या सुमारास खरेदी. मूळ रंग व अक्षरे १९७६ साली ग्वाल्हेर येथे नष्ट झाली. सध्याची अक्षरे मुळाबरहुकूम नाहीत, सावली पेंटरची. नष्ट करविणारा : या शाळेचा माजी विद्यार्थी." खाली माझी सही आहे.

कपाटाची देखभाल करणाऱ्यांस एक विनंती. सरकत्या दाराच्या वरच्या खाचेत पॉलिश-कागद पोहोचला नव्हता. तिथे नखाएवढा जुना निळा रंग अजून आहे, थोडा काळपट दिसतो. पुसताना तो मळ समजून काढू नये.